आर्थिक पाठबळ व स्पर्धात्मक समतोल (फुटबॉल)

व्यावसायिक फुटबॉल क्लबांना मालक, प्रायोजक, प्रक्षेपणहक्क आणि स्पर्धा-आयोजक यांच्याकडून मिळणारा पैसा व त्यामुळे मैदानावरील चुरशीवर होणारा परिणाम यांचा एकत्रित विचार या संज्ञेत केला जातो.

युरोपीय फुटबॉल महासंघाने (यूईएफए) २०१० च्या सुमारास ‘फायनान्शियल फेअर प्ले’ हे नियम आणले. क्लबाने साधारणपणे आपल्या मिळकतीतच खर्च भागवावा, हा त्यांचा गाभा होय. मालकाच्याच दुसऱ्या कंपनीने अवाच्या सवा रकमेचा प्रायोजकत्व-करार केला, तर बाजारभावापेक्षा जास्तीची रक्कम मिळकतीत धरली जात नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये तीन वर्षांत कमाल १०.५ कोटी पौंड तोट्याची मर्यादा होती. ती ओलांडल्याबद्दल २०२३ मध्ये एव्हर्टन क्लबाचे १० गुण कापले गेले व अपिलात ती कपात ६ वर आली. अशा नियमांनी दिवाळखोरीला आळा बसतो हे खरे. परंतु ज्याची मिळकत आधीच मोठी, त्यालाच मोठ्या खर्चाची मुभा राहते, त्यामुळे समतोलाच्या नावाखाली जुनी उतरंडच पक्की होते, हा आक्षेप बिनतोड वाटतो.

भारतात इंडियन सुपर लीग या व्यावसायिक क्लब-स्पर्धेने वेगळी वाट धरली. मिळकत कितीही असो, खेळाडूंच्या एकूण वेतनावर सर्व क्लबांना सारखीच मर्यादा (काही हंगाम १६.५ कोटी रुपये) घालण्यात आली. २०१९ मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी क्लबाची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीचे ६५ टक्के भागभांडवल घेतले आणि २०२०-२१ मध्ये क्लबाने लीग शील्ड (साखळी फेरीतील अव्वल स्थानाचे बक्षीस) व अंतिम करंडक दोन्ही जिंकले. मात्र खेळाडू हेरणे, प्रशिक्षण, सामन्यांचे विश्लेषण या बाबतींतले पाठबळ वेतनमर्यादेने मोजता येत नाही.

मुंबईत हा प्रश्न त्याआधी निराळ्या रूपात होता. कूपरेज मैदानावर खेळणारे बरेच नामवंत संघ गिरण्या, बँका व कंपन्यांचे असत. खेळाडूला करारापेक्षा नोकरीचे आकर्षण अधिक असे आणि संघाचा खर्च तिकीटविक्रीतून नव्हे, तर कंपनीच्या तिजोरीतून भागे. येथे धास्ती अतिखर्चाची नव्हती, तर पाठबळ एकाएकी आटण्याची होती. महिंद्रा कंपनीच्या महिंद्रा युनायटेड संघाने २००५-०६ ची भारताची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली; २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला.