द्रौपदी खरंच तसं म्हणली होती का?

सप्ताह आला की आमच्या परभणीकडच्या ग्रुपांवर हे फिरतंच: मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला, द्रौपदी "आंधळ्याचा पोरगा आंधळाच" म्हणली अन् त्याच बदल्यापायी महाभारत झालं. सिरियलीत बघितल्यानं खरंच वाटतं, पण सभापर्वाची चिकित्सक प्रत (जुन्या पोथ्या ताडून ठरवलेला पाठ) उघडा, तिथं हसतात ते भीम, अर्जुन, नकुल-सहदेव अन् नोकरचाकर. द्रौपदी बायकांसोबत हसली असं नंतर दुर्योधनच बापाला सांगतो, पण हे वाक्य त्यातबी नाही. आता क्रम लावा, भीमाला विष अन् लाक्षागृह तर तिच्या लग्नाआधीचं, म्हणजे दुर्योधनाचा पांडवांवरचा डूख जुनाच. त्यापायी विदुराला नको ते बोलला, आईचं ऐकलं नाही, अन् भर सभेत द्रौपदीच्या बाजूनं बोललेला सख्खा भाऊ विकर्ण, तोबी ह्याच्यासाठीच लढून मेला.