बुंधा समुद्रात, मनोरा शहरात

चुना वाळला की घट्ट होतो, असं भलेभले लोक छातीठोकपणे सांगतात. ते चूक आहे, आणि का चूक आहे ते इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरातल्या लाल-पांढऱ्या दीपगृहाच्या गोष्टीतून छान कळतं. आज ते शहरातल्या हिरवळीवर उभं आहे. बांधलं होतं मात्र भर समुद्रात, किनाऱ्यापासून सुमारे १४ किलोमीटरवरच्या एडिस्टन खडकांवर.

तिथला पहिला मनोरा १७०३च्या वादळाने नेला. त्यानंतरचा लाकडी मनोरा १७५५ मध्ये जळाला. मग काम आलं जॉन स्मीटन या इंग्रज इंजिनिअरकडे. ग्रॅनाइटचे चिरे त्याने खाचा पाडून एकमेकांत अडकवले. पण रोज भरतीखाली जाणाऱ्या सांध्यांत भरायचं काय?

चुनखडक भाजला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. ती पाण्यात विरवून भिंतीत भरली की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होते. पाण्याखाली हवा नाही, म्हणून साधा चुना तिथे लिबलिबीतच राहतो.

दगड जितका कठीण तितका चुना मजबूत, असा तेव्हा समज होता. स्मीटनने चुन्याचे गोळे पाण्यात ठेवून पाहिले. मऊ खडू असो की कठीण संगमरवर, चुना सारखाच! मग त्याने दगडच आम्लात विरघळवले. ज्यांचा चुना पाण्यात घट्ट होई, त्यांच्या तळाशी चिकणमाती उरत होती. गुण त्या मातीचा होता. भट्टीत तिच्यातलं सिलिका आणि चुना मिळून डायकॅल्शियम सिलिकेट बनतं. ते पाण्याशी संयोग पावलं की कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होतं, म्हणजे पाणी उडून न जाता त्या घन पदार्थातच बांधलं जातं. सिमेंटमधलं ट्रायकॅल्शियम सिलिकेट बनायला साधारण १४५० अंश सेल्सिअस लागतात. ते या चुन्यात जवळजवळ नसतं, म्हणून तो सावकाश घट्ट होतो. वेल्समधल्या अशा चुन्यात स्मीटनने इटलीतली ज्वालामुखीची राख मिसळली.

आपल्याकडे किल्ल्यांच्या चुन्याचं ‘हरवलेलं रहस्य’ सांगणारे मेसेज फिरतात. नमुना प्रयोगशाळेत द्या, त्यात काय आहे ते कळेल.

१७५९ मध्ये २४ मेणबत्त्यांनी स्मीटनच्या मनोऱ्यावरचा दिवा लागला. पुढे मनोरा शाबूत राहिला, पण खालचा खडक लाटांनी पोखरला आणि मोठ्या लाटेसरशी मनोरा हादरू लागला. १८८२ मध्ये शेजारी नवं दीपगृह उभं राहिलं. जुन्याचा वरचा भाग चिरा-चिरा उतरवून प्लिमथला नव्या जोत्यावर रचला गेला आणि १८८४ मध्ये लोकांसाठी खुला झाला. बुंधा अजून एडिस्टनवरच आहे. सुटे केलेले चिरे पुन्हा रचायचे तर सांध्यांत नवा माल भरावाच लागतो. त्यामुळे स्मीटनच्या चुन्याची खरी परीक्षा प्लिमथच्या हिरवळीवर नव्हे, त्या बुंध्यात चालू आहे.