औषध बैलाला, मरण गिधाडाला

गिधाडं मोबाइलच्या टॉवरमुळे गेली, असं छातीठोकपणे सांगणारे अजून भेटतात. भारतात मोबाइलवरून पहिला कॉल झाला तो जुलै १९९५ मध्ये. तेव्हा टॉवर मोजक्या शहरांपुरतेच होते. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मात्र गिधाडांची घरटी नव्वदच्या दशकातच ओस पडायला लागली होती. हे कळलं, कारण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश तिथं त्याआधीपासून ती मोजत होते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातली नऊशे नव्व्याण्णव नाहीशी झाली.

आधी संशय विषाणूवर होता. पाकिस्तानात लिंडसे ओक्स यांच्या गटानं विषाणू, कीटकनाशकं, जड धातू, सगळं तपासलं. हाती काही लागेना. शेवटी ते पशुवैद्यांकडं आणि औषधविक्रेत्यांकडं गेले: गुरांना हल्ली असं काय देता, जे मूत्रपिंडाला बाधेल? उत्तर आलं, डायक्लोफिनॅक. आपण पाठदुखीला घेतो तेच. ते दिलेलं गुरू मेलं की त्याच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जातं. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेली २५ गिधाडं तपासली, पंचवीसही जणांत ते सापडलं; इतर कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही.

आता माझा आवडता भाग. प्रथिनं पचली की नायट्रोजनयुक्त कचरा उरतो. आपण आणि गुरं त्याचं युरिया बनवतो. तो पाण्यात सहज विरघळतो आणि लघवीतून जातो. पक्षी युरिक आम्ल बनवतात, जे पाण्यात जेमतेम विरघळतं. पक्ष्याच्या विष्ठेतला पांढरा भाग तोच. हे आम्ल रक्तातून उपसून बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी करतात. डायक्लोफिनॅकनं या पेशी मरतात, उपसा थांबतो, रक्तातलं आम्ल चढत जातं आणि त्याचे स्फटिक हृदयावर, यकृतावर बसतात, चुन्याचा हात फिरवावा तसे. दोनेक दिवसांत पक्षी मान टाकतो.

आणि मात्रा किती? किलोमागं ०.१ ते ०.२ मिलिग्रॅममध्ये निम्मी गिधाडं दगावतात. अमेरिकेतलं टर्की गिधाड शंभरपट मात्राही पचवतं! सगळेच पक्षी युरिक आम्ल बनवतात, मग मरण आपल्याच गिधाडांच्या वाट्याला का? त्यांच्या शरीरातून हे औषध फार सावकाश निघतं.

एक ढोबळ हिशोब करून पाहा. गिधाड तीन दिवसांनी एकदा जेवतं, म्हणजे वर्षाला सुमारे १२२ जेवणं. दोनशे मेलेल्या जनावरांत एकच विषारी धरलं, तर वर्षभर वाचण्याची शक्यता ०.९९५ चा १२२ वा घात, म्हणजे ०.५४. शंभरातली सेहेचाळीस गेली. २००० ते २००७ मध्ये प्रत्यक्ष मोजलेली घट होती वर्षाला सुमारे ४४ टक्के. जोडी वर्षाला एकच अंडं घालते; ही गळती भरून निघणार कशी?

गिधाड छपरावर बसलं की अपशकुन म्हणणाऱ्यांनी पुढचा आकडा वाचावा. गिधाडं गेली, गावाबाहेर ओढून टाकलेली जनावरं तशीच सडू लागली, पाणी नासलं, कुत्री वाढली. ईयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी पूर्वी गिधाडं भरपूर असलेल्या आणि मुळातच कमी असलेल्या जिल्ह्यांतल्या मृत्युदरांची तुलना केली. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांनी त्याची डॉलरमध्ये किंमतही काढली आहे; बातम्यांचे मथळे तिच्यावरच सजले, मला मात्र त्या रकमेत फारसा रस नाही.

भारतानं २००६ मध्ये गुरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद केलं. त्याच सुमारास मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित ठरलं होतं. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांकडं वळतच राहिल्या; २०१५ मध्ये त्या ३ मिलीवर आणाव्या लागल्या. एसिक्लोफिनॅक हे आणखी एक वेदनाशामक तर गाईच्या अंगात गेलं की त्याचं डायक्लोफिनॅकच होतं, तरी त्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं.

मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीवर, जिथं पारशी आपले मृतदेह गिधाडांसाठी ठेवत, त्या समाजाला गिधाडांच्या जागी सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. पावसाळ्यात ती चालत नाहीत.