दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील यादवी युद्धाची छायाचित्रे : पार्श्वभूमी

अमेरिकेतील यादवी युद्धाला १२ एप्रिल १८६१ रोजी पहाटे, चार्ल्स्टन बंदरातील सम्टर किल्ल्यावरील तोफमाऱ्याने तोंड फुटले. किल्ला पडल्यावर काही दिवसांतच चार्ल्स्टनच्या छायाचित्रकारांनी आत जाऊन पडझड टिपली. म्हणजे या किनाऱ्याचा चित्रमय इतिहास सुरू होतो तो गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटलेल्यांच्या विजयचित्रांनी.

हा दृष्टिकोन सात महिन्यांत पालटला. ७ नोव्हेंबर १८६१ रोजी संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, आरमाराने याच किनाऱ्यावरील पोर्ट रॉयलची खाडी जिंकली, गोरे मळेवाले पळाले आणि सुमारे १०,००० गुलाम बेटांवरच राहिले. तिथले हिल्टन हेड बेट आणि ब्यूफर्ट गाव युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्याच ताब्यात असल्यामुळे तेथे छायाचित्रकारांना निर्धास्तपणे काम करता आले. न्यू हॅम्पशरच्या हेन्री मूर यांनी एडिस्टो बेटावर रताळ्यांची लागवड करणारी माणसे टिपली, तर टिमथी ओ'सलिव्हन यांनी १८६२ मध्ये ब्यूफर्टजवळ एकाच कुटुंबाच्या पाच पिढ्या एका चौकटीत उभ्या केल्या. माझ्या मते या किनाऱ्याचे हेच सर्वांत मोलाचे छायाचित्र आहे. मात्र त्याच्या शीर्षकात मळेवाल्या स्मिथचे नाव आहे, त्या माणसांपैकी एकाचेही नाही. गुलामांच्या ज्या मुक्तीची ही सुरुवात होती, तिच्यासाठी झटलेल्या अमेरिकनांनाच महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली.

त्या काळी रसायन लावलेली काच ओली असतानाच चित्र घेऊन धुवावे लागे आणि हलणारी वस्तू पुसट येई. त्यामुळे १८ जुलै १८६३ रोजी कृष्णवर्णीय सैनिकांच्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीने चार्ल्स्टनजवळच्या वॅग्नर किल्ल्यावर केलेला हल्ला आपल्याला रेखाटनांतूनच पाहावा लागतो. वृत्तपत्रांना छायाचित्र छापताच येत नसे. चार्ल्स्टनहून ‘प्लँटर’ ही आगबोट पळवून नेणाऱ्या रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम नाविकाचे चित्र ‘हार्पर्स वीकली’त छापून आले तेही लाकडी ठशावरून. ८ सप्टेंबर १८६३ रोजी जॉर्ज कुक यांनी सम्टरच्या तटावरून उत्तरेच्या चिलखती युद्धनौकांचे चित्र घेतले, हे धाडस विरळाच.

१८६५ मधील चार्ल्स्टनच्या भग्नावशेषांची चित्रे मात्र जपून वाचावी लागतात. त्यांतील सर्क्युलर चर्च तोफांनी नव्हे, तर ११ डिसेंबर १८६१ रोजी लागलेल्या आगीत जळाले होते.