आनापान आणि विपश्यना: श्वास पाहणं वेगळं, संवेदना पाहणं वेगळं

"मी रोज दहा मिनिटं विपश्यना करते," असं कुणी म्हणालं की मी विचारते, म्हणजे नेमकं काय करता? उत्तर बहुतेकदा तेच येतं: डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देते. हे आनापान झालं. साधना उत्तमच आहे, पण ती विपश्यना नव्हे आणि दोन्हींचं फळही सारखं नाही.

घोळाचं मूळ शिबिराच्या रचनेत आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीत काय किंवा सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतल्या दुसऱ्या कुठल्याही केंद्रात काय, दहा दिवसांचं शिबिर आनापानानेच सुरू होतं. पहिले तीन-साडेतीन दिवस नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर एवढ्याशा जागेवर मन टिकवायचं. श्वास लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड, जसा आहे तसा पाहायचा. प्राणायामात पूरक, कुंभक, रेचक असा श्वास आपण चालवतो. इथे त्याला हातही लावायचा नाही. श्वास मोजायचा नाही, जोडीला नामजपही नाही.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना दिली जाते. तीन दिवसांत धार आलेलं मन आता डोक्यापासून पायापर्यंत अंगभर फिरवायचं. खाज, मुंग्या, ऊब, ठणका, जे सापडेल ते पाहायचं आणि पुढे सरकायचं. सुखद असेल तर हवंहवंसं करायचं नाही, दुखरं असेल तर नकोनकोसं करायचं नाही. मग 'अधिष्ठान' सुरू होतं: दिवसातून तीनदा, तासभर, हात-पाय न हलवता आणि डोळे न उघडता बसणं. पहिल्याच अधिष्ठानात माझा उजवा गुडघा असा पेटला की रडू फुटायचं बाकी होतं. दोन दिवसांनी त्याच गुडघ्याकडे नीट पाहिलं, तर 'दुखणं' नावाची एकसंध वस्तू तिथे नव्हतीच. थोडी उष्णता, थोडा ताण, एक ठोका, आणि प्रत्येक गोष्ट क्षणाक्षणाला बदलणारी. अनित्य हा शब्द लहानपणापासून कीर्तनात ऐकला होता, तो त्या दिवशी गुडघ्यात कळला.

फायद्यांचा फरक इथूनच पडतो. आनापानाचा गुण लवकर दिसतो. मन भरकटलं हे लवकर लक्षात येतं आणि ते परत आणता येतं. म्हणूनच महाराष्ट्रातल्या शाळांमधल्या 'मित्र' उपक्रमात मुलांना आनापानच शिकवतात.

विपश्यनेचं फळ सावकाश येतं. राग शब्दांत उतरण्याआधी अंगात उतरतो: कानशिलं तापतात, छाती धडधडते, जबडा आवळतो. रोज संवेदना पाहणाऱ्याला ही वर्दी आधी मिळते आणि तोंडून शब्द जाण्यापूर्वी एक-दोन श्वासांची जागा तयार होते. माझ्या मते सगळा लाभ त्या जागेत आहे. घरातल्या माणसांना तो आपल्याआधी जाणवतो. गोयंका स्वतः 1955 मध्ये मायग्रेनने हैराण होऊन रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते. केवळ डोकेदुखी घालवायची असेल तर येऊ नका, असं गुरूंनी त्यांना सांगितलं. मायग्रेन पुढे गेलं, पण शिकवण्याचा हेतू तो नव्हता.

नियमाचं मापही वेगळं आहे. आनापान दहा मिनिटं बसूनही करता येतं, ऑफिसला जाण्याआधी, परीक्षेच्या दाराशीसुद्धा. विपश्यनेच्या साधकाला सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगतात, आणि ती शिकायची तर दहा दिवसांच्या शिबिरातच. व्हिडिओ पाहून घरी सुरू करू नका, हे मी कळकळीने सांगते. बसल्यावर जुनं, दडलेलं बरंच वर येतं, तेव्हा जवळ आचार्य असावे लागतात. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना या शिबिराची शिफारस केली जात नाही, म्हणून अर्जातली आरोग्याची माहिती लपवू नये.

शिबिर करून आलेल्यांनाही आनापान सुटत नाही. सकाळी बसल्यावर मन सैरभैर असेल तर अंगभर फिरण्याचा हट्ट सोडायचा, पाच-दहा मिनिटं किंवा लागला तर पूर्ण तास श्वासाशी बसायचं. मन स्थिरावलं की पुन्हा डोक्याच्या टाळूपासून सुरुवात.