कानावरून बोटांत उतरणारी धून

आयर्लंडच्या पारंपरिक फिडलवादनात (फिडल म्हणजे आपल्या परिचयाचे व्हायोलिनच) नवी धून बहुधा शेजारी बसलेल्या वादकाकडून ऐकूनच उचलली जाते, आणि हे शक्य होते ते धुनेच्या बांधणीमुळे. रील किंवा जिग या नृत्यधुनेचे साधारणतः ८-८ मापांचे (माप म्हणजे ठरावीक ठोक्यांचा एक गट) दोन भाग असतात. प्रत्येक भाग दोनदा वाजतो आणि ३२ मापांची फेरी मिनिटभराच्या आत संपून पुन्हा सुरू होते. भागाच्या आतही सुरावटीचे तुकडे फिरून येत असल्याने स्मृतीला सुटे स्वर साठवावे लागत नाहीत. ओळखीचे तुकडे आणि त्यांचा क्रम एवढे धरले की पुरते.

अर्थात सगळेच जसेच्या तसे उचलले जात नाही. ठोक्यावरचे मुख्य स्वर सहसा टिकतात, मधल्या जागा मात्र प्रत्येक वादक आपल्या हाताच्या वळणाने भरतो. एखादा लांब स्वर कोणी सरळ ओढतो, तर कोणी त्याचा ‘रोल’ करतो, म्हणजे तोच स्वर, वरचा, पुन्हा तोच, खालचा आणि पुन्हा तोच असे पाच स्वर झटक्यात घेतो. डोनेगल परगण्यातल्या वादकांचा भर स्वरागणिक गजाच्या स्वतंत्र फटक्यावर, तर स्लायगो परगण्यातल्या वादकांचा एका ओढीत अनेक स्वर घेण्यावर असतो. या फरकांना अशुद्ध पाठ मानणे मला सर्वस्वी चुकीचे वाटते, कारण परंपरेचा जिवंतपणा त्यांतच आहे.

केरी आणि कॉर्क परगण्यांच्या सीमेवर पॉड्रिग ओ’कीफ (१८८७–१९६३) हे शाळामास्तरकी सुटल्यावर घरोघर पायी फिरून फिडल शिकवीत. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी स्वतःची लिपी बेतली होती : चार तारांसाठी चार जागा आणि त्यांत बोटांचे आकडे. डेनिस मर्फी आणि त्यांची बहीण जूलिया क्लिफर्ड हे नामवंत वादक त्यांचेच शिष्य.

ध्वनिमुद्रिका आल्या आणि शेजाराची व्याख्याच रुंदावली. स्लायगोचे मायकेल कोलमन १९१४ मध्ये अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कमधील त्यांच्या तबकड्या आयर्लंडमधील घरांत पोहोचल्या. कोलमन स्वतः दर फेरीला धुनेत बारीक बदल करीत. तबकडी मात्र प्रत्येक वेळी तेच वादन ऐकवी, त्यामुळे त्यांची शैली इतर परगण्यांतल्या वादकांनीही उचलली आणि काही स्थानिक वळणे मागे पडली. ‘टार्बोल्टन’, ‘लाँगफर्ड कलेक्टर’ आणि ‘सेलर्स बॉनेट’ या तीन रील त्यांनी १९३४ मध्ये सलग वाजवून मुद्रित केल्या, आणि आजही वादक त्या बहुधा त्याच क्रमाने वाजवतात.