भाडं पक्कं करण्याआधी
एक-दोन गाड्यांच्या मोटारमालकांसाठी माहितीपत्रक

मोटारमालक बंधू-भगिनींनो,

आपल्या गाड्यांचे हिशोब, बिलं आणि टॅक्सची कामं आमच्याकडे असतात. त्यामुळे महिनाअखेरीला हातात काय उरलं हे आपल्याइतकंच आम्हालाही दिसतं. गाडी महिनाभर धावलेली असते, ड्रायव्हर घरी गेलेला नसतो, तरी हप्ता भरायला उसनवारी करावी लागते. अशा हिशोबांत बहुतेक वेळा चूक रस्त्यावर झालेली नसते. ती भाडं ठरवताना, फोनवरच झालेली असते. ब्रोकरला पाच मिनिटांत हो किंवा नाही हवं असतं आणि आपल्यासमोर आकडा एकच असतो: टनाला इतके.

आमचं मत स्पष्ट आहे. भाडं किलोमीटरवर तोलू नका, दिवसावर तोला. तेही एका बाजूचं नाही, गाडी परत आपल्या ठिकाणी येईपर्यंतचं.

उभ्या गाडीचा रोजचा खर्च

समजा दहाचाकी गाडी आहे. हप्ता ४५,००० रुपये, विमा-टॅक्स-परमिट-फिटनेसचे महिन्याला १०,००० आणि ड्रायव्हरचा पगार २०,०००. हे झाले ७५,०००. महिन्यात कामाचे २५ दिवस धरले, तर गाडी जागेवर उभी असली तरी रोज ३,००० रुपये जातात. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हा एक आकडा प्रत्येक मालकाला तोंडपाठ हवा.

आता चालण्याचा खर्च. भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर देते आणि डिझेल ९२ रुपये आहे असं धरू. किलोमीटरला २३ रुपये डिझेलचे, त्यावर टायर, ऑइल, ॲडब्लू (धुरातलं प्रदूषण कमी करणारं द्रावण) आणि दुरुस्तीचे ६, म्हणजे २९ रुपये. रिकाम्या गाडीला साधारण २२.

चाकणहून दोन भाडी एकाच वेळी आली. सोलापूर, २६० किलोमीटर, १९,५०० रुपये. नागपूर, ७२० किलोमीटर, १८ टन, टनाला २,६०० म्हणजे ४६,८००. किलोमीटरला सोलापूरचे ७५ पडतात, नागपूरचे ६५. बरेच जण सोलापूर घेतील.

सोलापूरच्या फेरीत चालण्याचा खर्च ७,५४०, टोल १,५००, दलाली-हमाली-भत्ता मिळून १,७००. उरले ८,७६०. परतीचा माल नाही मिळाला, तर रिकामं येण्यात डिझेल-टोलचे आणखी ७,२२० गेले. तीन दिवसांत हातात १,५४० रुपये, म्हणजे रोजचे ५१३. उभ्या गाडीचा खर्च रोज ३,००० आहे.

नागपूरला जाताना चालण्याचा खर्च २०,८८०, टोल ६,५००, बाकी ३,०००, उरले १६,४२०. येताना टनाला २,४०० ने १८ टन मिळाले, तर ४३,२०० मधून तेवढाच खर्च जाऊन १२,८२० उरतात. दोन्ही मिळून २९,२४०, आठ दिवसांत. रोजचे ३,६५५. कमी दराचं भाडं इथे हप्ता भरून वर काही देतं.

पण हीच गाडी नागपूरच्या गोदामासमोर दोन दिवस खाली न होता उभी राहिली, तर २९,२४० रुपये दहा दिवसांवर पसरतात आणि रोजचे २,९२४ होतात. दर तोच, माल तोच आणि फेरी तोट्यात. म्हणून होल्टिंगचं, म्हणजे गाडी अडकून राहिल्याच्या पैशांचं, बोलणं गाडी भरण्याआधी झालं पाहिजे. किती तासांनंतर होल्टिंग सुरू होणार, दिवसाला किती आणि देणार कोण, हे तिन्ही ठरवा. गेटवर पोचल्याची वेळ सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये किंवा बिल्टीवर (माल वाहतुकीच्या पावतीवर) लिहून घ्या आणि तिचा फोटो काढा. पुराव्याशिवाय होल्टिंग मिळाल्याचं आमच्या पाहण्यात फार कमी आहे.

टनाच्या भाड्यात आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे गॅरंटी वजन. १८ टन म्हणून बोलावलं आणि १५ टनच भरले, तर नागपूरच्या वरच्या दराने ७,८०० रुपये कमी येतात, डिझेल मात्र जवळपास तेवढंच. “कमी भरला तरी १८ टनाचं भाडं” हे शब्द मेसेजमध्ये आलेच पाहिजेत. उलट बाजूने, जादा भरून रेट जमवायचा सल्ला कुणी दिला तर घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० दंड आहे, शिवाय जादा माल उतरवायचा तो वेगळाच. आरसीवरचं वजन हीच हद्द.

बाकी (उरलेलं भाडं) कोण देणार?

आपण सगळ्यांनाच ब्रोकर म्हणतो, पण व्यवहार दोन तऱ्हेचे असतात. एक जण गाडी जुळवून देतो, दलाली घेतो आणि बाजूला होतो. भाडं ट्रान्सपोर्ट कंपनी देते. दुसरा माल स्वतःच्या नावावर घेतो आणि भाडंही तोच देतो. कारखाना, मोठी ट्रान्सपोर्ट, ब्रोकर, त्याचा ब्रोकर अशी साखळी असली, की ॲडव्हान्स हसतखेळत मिळतो आणि बाकीच्या वेळी प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. म्हणून गाडी लावण्याआधी विचारा: बिल्टी कुणाच्या नावाची निघणार आणि बाकी कुणाच्या खात्यातून येणार? दोन्ही नावं वेगळी असतील, तर जास्त ॲडव्हान्स मागणं रास्त आहे.

रस्त्याने मालवाहतुकीचा कायदा २००७ चा आहे आणि तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्यात बुकिंग करणारे एजंट आणि ब्रोकरही येतात, आणि धंद्यासाठी त्यांना नोंदणी लागते. नवीन माणसाकडे नोंदणी क्रमांक, जीएसटी किंवा पॅन आणि ऑफिसचा पत्ता मागा. खरा धंदा करणारा या प्रश्नाने रागावत नाही. त्याच्याकडे गाडी लावणाऱ्या दोन मालकांना फोन करून बाकी किती दिवसांत येते हेही विचारा. आम्ही या चौकशीला सगळ्यात जास्त किंमत देतो.

लोड देण्याआधीच गेटपास, डिपॉझिट किंवा नोंदणीच्या नावाने यूपीआयवर पैसे मागितले, तर फोन ठेवा. आरसी-लायसन्सची कॉपी पाठवताना त्यावर तारीख आणि “फक्त या लोडसाठी” असं आडवं लिहा. तुमच्या गाडीच्या कागदांवर दुसरीच गाडी माल घेऊन गेली, तर पोलीस आधी तुमच्या दारात येतात.

मेसेजमध्ये काय हवं

करारनामा कुणी करत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. व्हॉट्सॲपवर पाच ओळी पुरतात. कुठून कुठे आणि खाली करण्याची ठिकाणं किती, भाडं आणि गॅरंटी वजन, ॲडव्हान्स किती आणि केव्हा, बाकी पोच (माल मिळाल्याची सही केलेली पावती) मिळाल्यावर किती दिवसांत, होल्टिंग आणि हमाली कुणाकडे. समोरच्याचं “ओके” आल्याशिवाय गाडी हलवू नका. हमालीबद्दल ट्रक संघटनांची “ज्याचा माल त्याचा हमाल” ही मागणी आम्हाला पूर्ण पटते. वाराईच्या (माल चढवण्या-उतरवण्याच्या पैशांच्या) नावाने ड्रायव्हरकडून रोख घेतलं जातं आणि पावती मिळत नाही, तेव्हा तो पैसा हिशोबातही येत नाही.

ई-वे बिलावर (जीएसटीच्या माल वाहतुकीच्या ऑनलाइन परवान्यावर) गाडीचा नंबर तुमचाच आहे ना आणि मुदत पुरते ना, हे गेटमधून निघण्याआधी बघा. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे ७२० किलोमीटरला चार. गाडी बंद पडली, तर मुदत संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते. ट्रान्सपोर्टवाल्याला लगेच कळवा.

तूट किंवा मोडतोड झाली, तर पोचवर शेरा काय लिहिला जातोय ते ड्रायव्हरने वाचूनच सही करावी. “माल खराब” एवढंच मोघम लिहू देऊ नये. किती नग, काय झालं, हे लिहायला सांगावं आणि फोटो घ्यावा. मोघम शेऱ्यावर भाड्यातून किती कापायचं हे समोरचाच ठरवतो.

टीडीएस आणि अडकलेली बाकी

वर्षभरात कधीही १० पेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसतील, तर पॅन आणि ठराविक घोषणापत्र दिल्यावर भाड्यातून टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापायचा नसतो. घोषणापत्र आम्ही तयार करून देतो, प्रत्येक नवीन पार्टीला ते पहिल्याच बिलासोबत पाठवा. उद्यम नोंदणीही (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा. नोंदणीकृत लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देणं २००६ च्या एमएसएमई कायद्याने बंधनकारक आहे, उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार करायची वेळ क्वचितच येते. या तरतुदीचा उल्लेख असलेलं पत्र गेलं, की बऱ्याच ठिकाणी बाकी सुटते.

मूळ पोच कुरिअरने पाठवा आणि पावती जपा. बाकी देण्याचे दिवस पोच पोचल्यापासून मोजले जातात, त्यामुळे गाडीच्या केबिनमध्ये आठवडाभर पडलेली पोच तुमचेच पैसे थांबवते. पोचचे दोन्ही बाजूंचे फोटो, ठरावाचा मेसेज आणि वजनकाट्याची पावती गाडी खाली झाली त्याच दिवशी आम्हाला पाठवा, आम्ही दुसऱ्या दिवशी बिल काढतो.